मर्यादा कोणी आखावयाची? : कर्तृत्ववान स्त्रीच्या थकव्याचे मराठी रूप

मराठीत ‘मर्यादा’ हा शब्द स्त्रीच्या संदर्भात येतो, तेव्हा तो बहुधा तिच्यावर घातलेल्या बंधनाचा वाचक असतो. ती मर्यादा पाळते किंवा ओलांडते. आखते मात्र क्वचितच. शिक्षण आणि व्यवसायात यश मिळविलेल्या स्त्रीच्या थकव्याचे साहित्यातील चित्रण तपासताना भाषेतील ही उणीव प्रथम लक्षात घ्यावयास हवी.

अमेरिकी मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये अशा थकव्याची ‘बर्नआउट’ या नावाने मांडणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०१९ मध्ये स्वीकृत झालेल्या रोगवर्गीकरणाने ही संज्ञा व्यवसायाच्या क्षेत्रापुरतीच वापरावी असे सुचविले. मराठी संहिता मात्र नेमकी हीच विभागणी अमान्य करतात.

विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या संग्रहातील ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही कथा या दृष्टीने मूलगामी ठरते. मिळवत्या मुलीच्या कष्टाला कुटुंबाच्या गरजेची सीमाच उरत नाही. तिचे कर्तृत्व हेच तिच्या अडकण्याचे कारण होते. येथे नोकरीचा शीण कोठे संपतो आणि घराचा कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. शीर्षक प्रश्नार्थक आहे, हेही अर्थपूर्ण होय. ‘हा संसार माझा नव्हे’ हे विधान करण्याइतका अवकाश नायिकेपाशी नाही; नकार तिला प्रश्नाच्या आडोशानेच उच्चारावा लागतो. शिक्षकी पेशातील लेखिकेने, मालतीबाई बेडेकरांनी, स्वीकारलेले टोपणनावही असाच आडोसा होता. ग्रंथावर वादळ उठले, तेव्हा या आडोशाची गरज सिद्धच झाली.

तथापि, या कथेवरून ‘भारतीय स्त्रीचा थकवा’ असा सरसकट सिद्धांत मांडणे धाडसाचे ठरेल. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या लेखनात थकव्याचे उगमस्थानच बदलते. संस्कृतमध्ये एम. ए. झालेल्या या दलित स्त्रीला नोकरी मिळाली ती आंतरजातीय विवाहानंतर, आणि तिचे श्रेय त्या आपल्या गुणवत्तेपेक्षा बदललेल्या आडनावाला देतात. शिरूरकरांची नायिका अतिरिक्त मागण्यांनी थकते. पावडे यांना थकवते ते स्वतःची पात्रता पुनःपुन्हा सिद्ध करणे. पहिलीला सीमा आखता येत नाही, दुसरीच्या वाटेवर ती आधीच आखलेली असते. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) हे दोन्ही ताण एकत्र येतात: जातीचा अनुभव आहेच, शिवाय नोकरी आणि संसार सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घेताना घरातून होणारा विरोधही आहे. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा आजचा उपदेश या तिघींपुढे अपुरा पडतो, कारण वेळेची मालकी कोणाची, हा प्रश्नच तो विचारीत नाही.

समीक्षेचाही येथे दोष आहे. अशा नायिकांना ‘त्यागमूर्ती’ वा ‘बंडखोर’ ठरविण्याची आपली सवय जुनी आहे. पहिल्या विशेषणाने थकव्याचा गौरव होतो, दुसऱ्याने तो झाकला जातो. त्याग आणि बंड यांच्यामध्ये असलेला साधा, रोजचा नकार मात्र वाचनातून निसटतो.

हा नकार स्थलनिरपेक्षही नसतो. उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत, बँकेत वा रुग्णालयात काम करणाऱ्या स्त्रीला प्रत्येक जण नावाने आणि घराने ओळखतो. तिने कामाला दिलेला नकार सासरी-माहेरी पोचावयास वेळ लागत नाही. शिरूरकरांना लाभलेला टोपणनावाचा आडोसा तिला नाही. तिच्या अनुभवाची संहिता लिहिली जाईल, तेव्हा तिला ‘बंड’ म्हणण्याची घाई न करता त्यातील ‘नको’ या एका शब्दाचे मोल समीक्षेला ओळखता आले पाहिजे.