डब्यांतलें आरोग्य

जाहिरात हें आपल्या काळांतील अतिशय वाचलें जाणारें वाङ्मय होय. तथापि वाङ्मय म्हणून तिची परीक्षा करण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाहीं. पौष्टिक पेयांच्या जाहिरातींपुरती तरी ती करून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कारण या वाङ्मयाचा परिणाम वाचकाच्या अभिरुचीवर होऊन थांबत नाहीं, तो मुलांच्या ताटापर्यंत पोहोंचतो.

या जाहिरातींचें संविधानक जुनें आहे. इ. स. १९३० नंतरच्या दशकांत हॉर्लिक्सच्या ब्रिटनमधील जाहिरातींनीं ‘रात्रीची उपासमार’ नांवाची व्याधि प्रचारांत आणली. झोपेंत शक्ति सरते, म्हणून सकाळीं थकवा येतो, आणि निजण्यापूर्वीं घेतलेल्या एका पेल्यानें तो टळतो, असा हा सिद्धांत. ही व्याधि जाहिरातदारांच्या कचेरींत जन्मास आली होती. आधीं भय, मग उपाय, शेवटीं सुखान्त, हा सांचा तेव्हांपासून पक्का झाला. जॉर्ज ऑर्वेल यानें १९३६ सालच्या ‘कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ या कादंबरींत याच वाङ्मयाचा उपहास केला आहे. तिच्या कविनायकास रस्त्यावरील पौष्टिक पेयाच्या चित्राचा मनस्वी तिटकारा असतो. पण अखेरीस संसारासाठीं तोच पुन्हा जाहिराती लिहूं लागतो.

आपल्याकडे या कथेचा नायक बदलला. थकलेल्या प्रौढाच्या जागीं शाळकरी मूल आलें, आणि भयानें आईच्या मनांत घर केलें. १९७२ सालीं सुरू झालेली बोर्नव्हिटाची प्रश्नमंजूषा पुढें नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर गाजली. हुशार मुलें आणि डबा हीं वर्षानुवर्षें शेजारीं दिसलीं कीं, डब्यामुळें हुशारी येते असें कोणी म्हणावयाची गरजच उरत नाहीं. साहचर्य दाखवावें व कार्यकारण वाचकाकडून वदवावें, ही या लेखनाची खरी करामत. शिवाय माल्टची भुकटी दुधांतून प्यावयाची. तेव्हां पेल्यांतील प्रथिनांचा मोठा वाटा दुधाचा असतो, श्रेय मात्र डब्यास मिळतें. साखरेचा आंकडा बारीक अक्षरांत असतो, आणि कथा मोठ्या चित्रांत.

१० एप्रिल २०२४ रोजीं केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानें बोर्नव्हिटासह अशीं पेयें ‘आरोग्यपेय’ या वर्गांतून काढावीं, अशी सूचना ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांस दिली. कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत ‘आरोग्यपेय’ या शब्दाची व्याख्याच नाहीं. त्याच महिन्यांत हॉर्लिक्सच्या मालक कंपनीनें आपल्या वर्गाचें नांव बदलून ‘कार्यात्मक पोषक पेय’ या अर्थाचें केलें. नामांतरानें डब्यांतील भुकटी बदलत नसते.

पूरक द्रव्यें सर्वथा निरर्थक आहेत, असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. गर्भिणीस लोह व फॉलिक आम्ल, उणीव असणाऱ्यास ब-१२ किंवा ड जीवनसत्त्व वैद्याच्या सल्ल्यानें द्यावेंच लागतें. तें विशिष्ट उणिवेवरचें औषध आहे; सर्वांच्या महत्त्वाकांक्षेवरचा तोडगा म्हणून तें विकणें, येथेंच अपराध घडतो.

उलट बाजूस हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें मे २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेलीं १७ आहारसूत्रें पाहावीं. धान्यें, डाळी, भाज्या व फळें यांनीं युक्त अशा विविध आहाराचा त्यांत पुरस्कार आहे. शरीर कमावण्यासाठीं प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्या, असाही सल्ला आहे. मजकूर हितकर आहे, परंतु त्यांत भय नाहीं, नायक नाहीं, सुखान्तही नाहीं. भाकरी, आमटी आणि पालेभाजी यांस कोणी एक मालक नसतो. म्हणून त्यांस पदरचा कविही लाभत नाहीं.

टीकाकाराच्या हातीं एवढेंच आहे कीं, कथेस कथा म्हणावें. ज्या घरीं महिन्याचा किराणा मोजून भरला जातो, तेथें या कथेची किंमत अंडीं, शेंगदाणे व दूध यांतूनच वजा होत असते.