झील कोण धरणार?

नाशिकच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत रविवारी सकाळी सध्या दोन तऱ्हांचे गाणे ऐकू येते. जुन्या मिशनांच्या परंपरेतल्या चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले जाते, पेटीवर सूर मिळतो आणि मंडळी उभी राहून चार-पाच कडवी गाते. हॉलमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांत संदेशाआधी अर्धा-पाऊण तास सलग ‘वर्शिप’ चालते. कीबोर्ड, गिटार, ड्रमसेट, पडद्यावर शब्द, समोर माईक धरलेले चार-पाच गायक आणि हिंदी, मराठी, इंग्रजी गाण्यांची सरमिसळ असा तो थाट असतो. दोन्हींमधली रेघ आता पुसट झाली आहे, कारण जुन्या चर्चच्या तरुण संघांनीही ड्रम आणले आहेत. यावरचा वाद मात्र बहुतेक वेळा वाद्यांपाशीच अडतो. एका बाजूला ‘हे देवाचे घर आहे, ऑर्केस्ट्रा नव्हे’ ही तक्रार, दुसऱ्या बाजूला ‘पेटीवर झोप येते’ हे उत्तर. या भांडणात मूळ गोष्ट बाजूलाच राहते, असे मला वाटते. सामुदायिक उपासनेत गाणे अखेर कुणाच्या तोंडी असते, ही खरी कसोटी. तिच्यावर नवे संगीत आज कमी पडते. जुने त्यामुळे आपोआप पास होते, असेही नाही.

आधी ‘परके’ आणि ‘आपले’ या जोडीचा हिशेब करू, कारण तीच सर्वांत जास्त फसवते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले आणि तिथल्या चर्चांमधून गायले गेले. परक्या माणसाने लिहिलेले, पण ओवी मराठी. उलट एकोणिसाव्या शतकातल्या मिशनांनी कितीतरी इंग्रजी गीते मराठीत आणली, ती इंग्रजी चालींसकट. चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात १८३२ मध्ये काम सुरू केले आणि १८५०च्या दशकात शरणपूरची ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे शिकली. आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या प्रवासातला जेकब वेनराइट हा त्यांच्यापैकीच एक. अशा ठिकाणी कोणती चाल देशी आणि कोणती परकी, याचा निवाडा त्या काळीही सोपा नसणार. आज आजी-आजोबांना जी गीते ‘आपली जुनी’ वाटतात, त्यांतली बरीचशी इंग्लंड-अमेरिकेतून आलेलीच आहेत. तेव्हा नवे गाणे परदेशी आहे म्हणून वाईट, हा आक्षेप फार लांब जात नाही.

मराठी मंडळीला खऱ्या अर्थाने गाते केले ते वेगळ्याच दोन घडामोडींनी. अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा साचा ख्रिस्ती कथेसाठी वापरला. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, पदे आणि भजने यांचा मोठा साठा उभा केला. टिळकांचे संस्कृतचे शिक्षण नाशकात झाले होते, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेरही नाशिकजवळचे जलालपूर. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, अशी टिळकांची भावना होती. त्यांच्या रचनांचे साहित्यिक मोल पुष्कळांनी सांगितले आहे. त्यांच्या गायनव्यवस्थेकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. कीर्तनात बुवा एकटा गात नाही. मागे टाळकरी असतात, ध्रुपद त्यांच्याकडे जाते आणि तिथून ते श्रोत्यांकडे पोहोचते. पोवाड्यात शाहिराची ओळ झीलकरी उचलतात. ही झील धरण्याची सवय गावोगावच्या माणसाच्या अंगात होती, मग तो बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या दिंड्या नाशिक जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आल्या आहेत. त्यांत अक्षरओळख नसलेला माणूसही ध्रुपद एकदा ऐकून दुसऱ्यांदा उचलतो. सांगळे-टिळकांनी ही तयार सवय उपासनेत आणली. त्यामुळे मंडळीला गायला वेगळे शिकवावे लागले नाही.

नव्या संगीताची वंशावळ वेगळी आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात ‘जीझस मूव्हमेंट’ची लाट आली. तिच्यात हिप्पी तरुण गिटारवर साधी स्तुतिगीते गाऊ लागले, आणि ती छापण्या-विकण्यासाठी १९७१ मध्ये कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलमधून ‘मारानाथा म्युझिक’ निघाले. सिडनीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या मंडळीतून पुढे हिलसाँगचे जगभरचे साम्राज्य झाले. त्याच मंडळीतल्या डार्लिन झेकचे ‘शाउट टू द लॉर्ड’ हे गाणे १९९३चे. सगळा उगम गोऱ्यांच्याच देशांत आहे असेही नाही. भारतात हिंदी रूपांतरांतून सर्वदूर पोहोचलेले ‘वे मेकर’ हे २०१५चे गाणे सिनॅच या नायजेरियन गायिकेचे आहे. तरी पुरवठ्याची नळी अरुंदच. अमेरिकी चर्चांत २०१० ते २०२० या काळात सर्वाधिक गायल्या गेलेल्या गाण्यांचा अभ्यास झाला, तेव्हा जवळजवळ सगळी गाणी चार प्रचंड मंडळ्यांशी जोडलेली निघाली. महाराष्ट्रात तीच गाणी बरेचदा हिंदीतून येतात. इंग्रजी गाण्याचे हिंदी रूप यूट्यूबवर गाजते, त्यावरून मराठी बेतले जाते. दोन भाषा ओलांडून आलेल्या या मराठीत ऱ्हस्व अक्षराला चार मात्रा ताणावे लागते आणि दीर्घ अक्षर तबल्याच्या एका थापेत उरकावे लागते. कानाला ते खटकते, आणि जिभेवर बसत नाही म्हणून गाणाराही अर्ध्यात सोडतो.

यापेक्षा मोठी अडचण चालीच्या बांधणीत आहे. हे गाणे मुळात ध्वनिमुद्रणासाठी, एका विशिष्ट गळ्यासाठी बनलेले असते. सुरुवात खर्जात, जवळजवळ कुजबुजीत. मध्ये तालाबाहेर पडणारे, ओळीच्या आधी किंवा नंतर येणारे शब्द. आणि शेवटी तीच ओळ एकदम सप्तकभर वर. मूळ गायकाची पट्टी तशीच ठेवली की पुरुषांना खालचे सूर लागतात पण वरचे फाटतात, आणि बायकांचे नेमके उलटे होते. पेटी वाजवणाऱ्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. समोर बसलेला समुदाय कुठे गप्प झाला हे त्याला ऐकू येते आणि पुढच्या रविवारी तो काळी एकवरून पांढरी सातवर उतरतो. ड्रम आणि स्पीकर यांच्या आवाजात मंडळी गप्प झाल्याचे व्यासपीठाला कळतच नाही. करोनाच्या काळात उपासना मोबाइलवर गेली आणि ध्वनिमुद्रणासारखे वाजणे हीच उत्तमतेची खूण ठरली. तेव्हापासून ही अडचण वाढली आहे. दफनाच्या वेळी मात्र खरे काय ते दिसते. कबरीपाशी प्लग नसतो. तिथे जे गायले जाते ते बहुधा जुन्या पुस्तकातले असते, आणि ते तरुणही गातात.

आता नव्या संगीतावर नेहमी होणाऱ्या दोन आरोपांत मी त्याची बाजू घेतो. पहिला आरोप पुनरावृत्तीचा: एकच ओळ वीस वेळा गाण्यात काय अर्थ? नामस्मरणाच्या भूमीत हा प्रश्न कुणी विचारावा याचेच नवल वाटते. विठ्ठलनामाचा गजर शब्दसंख्येवर कुणी मोजत नाही. फरक आहे तो पुनरावृत्ती चालवतो कोण, यात. भजनात ओळ हातोहात फिरते, लय समुदायातूनच चढते आणि थकवाही समुदायच ठरवतो. बँडच्या गाण्यात चढ आधीच बसवलेला असतो, पहिल्या फेरीला नुसता कीबोर्ड, तिसरीला ड्रम, पाचवीला सगळे बंद करून टाळ्या. रचना चतुर आहे, पण तिच्यात मंडळीने ठरवण्यासारखे काही उरत नाही. दुसरा आरोप ‘मी आणि तू’ या भाषेचा, म्हणजे ही गाणी फार वैयक्तिक, जवळजवळ प्रेमगीतांसारखी आहेत असा. तोही तुकोबा-जनाबाईंच्या वारसांनी करू नये. भक्तीची भाषा एकवचनीच असते.

त्या ‘मी’चा आवाका मात्र आज फार लहान झाला आहे, आणि इथे मी नव्या गीतकारांना सोडणार नाही. तुकोबांचा ‘मी’ देवाशी भांडतो, रुसतो, रिकाम्या हाताने परत येतो. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. नव्या गाण्यातला ‘मी’ नेहमी जिंकलेला, मोकळा झालेला, उंच उडणारा. दिंडोरी-निफाडच्या बागांवर २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. त्यानंतरच्या रविवारी द्राक्ष बागायतदाराने किंवा त्याच्या बागेतल्या मजुराने यांतले काय गावे? उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांच्या उपासनेत, एरवी वर्शिप बँडवर चालणाऱ्या मंडळ्यांनाही वधस्तंभाच्या जुन्या गीतांकडे वळावे लागते. कारण त्या तीन तासांना पुरेल असे नव्या साठ्यात फारच थोडे आहे.

यावर दोन उत्तरे येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिले असे की तरुण नव्या संगीतामुळेच चर्चमध्ये टिकून आहेत. हे खरे आहे, आणि जुन्या गायनाची अवस्था पाहता त्यात आश्चर्यही नाही. कित्येक ठिकाणी गीते इतक्या रेंगाळत्या लयीत गायली जातात की मूळ भजनी ठेका ओळखूही येत नाही. पाचही कडवी सवयीने म्हटली जातात आणि अर्थाकडे कुणाचे लक्ष नसते. टिळकांचे गीत टिळकांच्या नावावर खपते. या सुस्तीला धक्का दिला, हे नव्या संगीताचे श्रेय. उत्साह हा अमेरिकेहून आणलेला माल आहे असेही कुणी समजू नये. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये आत्मिक जागृतीची जी लाट उसळली, ती आजच्या कोणत्याही वर्शिप नाइटइतकीच उत्कट होती. पण तरुण टिकतात ते कशामुळे, हेही पाहावे. बँडमध्ये सामील झालेले आठ-दहाजण नक्की टिकतात, कारण त्यांना काम मिळते. बाकीच्यांना श्रोता होण्यासाठी चर्चमध्येच यायला हवे असे नाही, घरबसल्या मोबाइल आहेच.

दुसरे उत्तर अधिक टोकदार आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वीच्या महार आणि मांग जातींतून आला. भजन-कीर्तनाच्या ज्या परंपरेला ‘आपली’ म्हणून मिरवले जाते, तिच्या देवळाबाहेर त्यांच्या पूर्वजांना उभे केले गेले होते. हलगी वाजवणे ही तर त्यांच्यावर लादलेली गावकी होती. अशा घरातल्या मुलाने गिटार हातात घेतली तर त्यात अनुकरणापेक्षा सुटकेचा भाग मोठा असतो. त्याला देशीपणाचा उपदेश करायचा अधिकार कुणालाही नाही, वरच्या जातीतून आलेल्या टिळकांच्या नावाने तर नाहीच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच माझा आग्रह वाद्यावर नाही. गिटारवरही झील धरता येते. कोरसमध्ये बँडने हात आखडले, सवाल-जबाबासारखी ओळ वाटून दिली, पट्टी दोन सूर खाली आणली, तर तेच गाणे मंडळीचे होते. महार संत चोखोबांची परंपराही त्याच ध्रुपदातून चालत आली आहे, हे विसरू नये.

भाषेच्या बाबतीत मात्र जुन्या पुस्तकालाही जाब द्यावा लागेल. ‘उपासना संगीता’ची मराठी बव्हंशी संस्कृतप्रचुर आहे. सुरगाणा-पेठच्या कोकणा माणसाला किंवा मालेगाव-सटाण्याकडच्या अहिराणी भाषकाला ती हिंदी वर्शिपइतकीच दूरची वाटू शकते. लोकांच्या बोलीत गीते आणण्याच्या कामाचा उत्तम धडा पंजाबात मिळतो. सियालकोटच्या इमामुद्दीन शाहबाज यांनी स्तोत्रसंहिता पंजाबी पद्यात आणली, तिला लोकगीतांच्या चाली लावल्या गेल्या आणि १९०८ मध्ये ती पूर्ण छापली गेली. शंभराहून अधिक वर्षे झाली, फाळणीच्या दोन्ही बाजूंचे पंजाबी ख्रिस्ती ते ‘जबूर’ आजही पाठ गातात. लेखक एक होता, पण मागे मंडळीने दिलेले काम होते आणि चाली लोकांच्या तोंडच्या होत्या. मराठीत आज नवे गीत लिहिणारे आहेत. त्यांच्याकडून विलापाचे, कापणीचे, लग्नाचे, मरणाचे गीत मागणारी मंडळी नाही. धर्मप्रांतांच्या कार्यालयांनी आणि स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांनी स्पीकरवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा इकडे वळवायला हरकत नसावी.

आणखी एक काम तातडीचे आहे. मराठी गीतपुस्तकांत शब्द छापलेले आहेत. चाली मात्र बहुतांशी कानोकानीच आलेल्या आहेत. त्या ज्यांच्या गळ्यात आहेत ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. या कामाला नाशकातच एक उदाहरण आहे. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरकाळात नाशकात रामनाम आधार आश्रम काढला. बैठकीतले संगीत त्यांनी सामुदायिक भजनापर्यंत आणले, आणि त्याच माणसाने स्वरलेखनावरही तितकीच मेहनत घेतली. ख्रिस्ती गीतांच्या चालींचे असे स्वरलेखन अजून सलगपणे झालेले नाही. चर्चमधला कीबोर्ड वाजवणारा मुलगा रात्री यूट्यूबवर परक्या गाण्याचे कॉर्ड उतरवून घेत असतो. एखाद्या म्हाताऱ्या बाईला समोर बसवून तिच्या तोंडच्या पन्नास चाली, तिच्याच पट्टीत आणि तिच्याच लयीत, उतरवून घेणे त्याला सहज जमेल. रविवारच्या शाळेतली मुले बरोबर घ्यावीत म्हणजे उतरवलेली चाल लगेच गाऊनही पाहता येईल, आणि कुठे ती गळ्याला अडते तेही तिथल्या तिथे कळेल.