निळा ठिपका आणि गाळलेले वर्तुळ

मोबाइलच्या नकाशावरील निळा ठिपका म्हणजे वापरकर्त्याचे स्थान नव्हे, तर स्थानाविषयीचे अनुमान होय. अमेरिकेने मे २००० मध्ये जीपीएसच्या नागरी संकेतांत हेतुपुरस्सर मिसळली जाणारी त्रुटी थांबविली. तरीही उंच इमारतींवरून परावर्तित होणारे संकेत अंतराची मोजणी बिघडवितात. अँड्रॉइड प्रणाली स्थानासोबत अचूकतेची त्रिज्याही पुरविते. खरे स्थान त्या वर्तुळात असण्याची शक्यता मात्र ६८ टक्केच धरलेली असते, म्हणजे वर्तुळ हीदेखील हमी नव्हेच! असे असता काही ॲप हे वर्तुळच गाळून केवळ ठिपका दाखवितात. यास रचनेतील सुटसुटीतपणा म्हणणे कठीण आहे. ती माहितीची लपवणूक ठरते. अपघातस्थळ शोधणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकास समोरचा ठिपका ५ मीटरच्या खात्रीचा की ५०० मीटरच्या, हे कळण्यास मार्गच उरत नाही.