तांब्याचे कडे आणि सोबतची चिठ्ठी

मठारलेले तांब्याचे कडे हाती घेतले, की ठोक्यांची नक्षी डोळ्यांत भरते. ती नुसती शोभा नव्हे. ठोक्यांनी धातू कठीण होतो, म्हणून पातळ पत्र्याचे कडेही आकार धरून राहते. घेताना टोकांवरून बोट फिरवावे. बोचले तर नको. कडे मनगटाच्या बाजूने सरकवून मग फिरवावे. तोंड रोज फाकवले, तर वाकणारी जागा अधिकाधिक कठीण होते आणि एक दिवस तडकते. (वर्गात तांब्याची तार वाकवून पाहाच!)

कारागिरी चोख, चिठ्ठी मात्र पोकळ. म्हणे 'संधिवात बरा होतो'! यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तांब्याच्या कड्याने वेदना वा सूज यांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. चिठ्ठीवर विसंबून कोणी औषधे थांबवली, तर सांधे झिजतच राहतात.

मनगटावरचा हिरवा डाग म्हणजे 'शरीरातले विष' नव्हे. घामाशी अभिक्रिया होऊन बनलेले ते तांब्याचे क्षार. साबणाने जातात. चिंच-मिठाने कडे लखलखते, पण नंतर नीट धुऊन कोरडे पुसावे. काळपट छटाच आवडत असेल, तर घासूच नये.