घरी परतलेल्यांची मोजणी

एका बालगृहात काही वर्षे मी दर रविवारी वाचनाचा तास घेत असे. तिथल्या नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शेरा असे : 'पालकांच्या ताब्यात दिले.' तो वाचून बरे वाटायचे. मग एकदा एकाच मुलीचे नाव दोन जागी दिसले, वेगवेगळ्या क्रमांकांनी, मध्ये सात महिन्यांचे अंतर. वार्षिक अहवालात ती दोन मुली झाली होती, आणि त्यांतली पहिली 'पुनर्वसित' होती.

त्यानंतर मी या विषयावरचे अमेरिकी संशोधन वाचू लागलो. तिथे ही मोजणी फार हट्टाने झाली आहे, आणि तिचे परिणामही कठोर आहेत. १९९७च्या कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखभालीत राहिले, तर काही अपवाद सोडता, आईवडिलांचे हक्क संपवण्यासाठी राज्याने न्यायालयात जायचे असते. म्हणजे कॅलेंडर इथे निव्वळ साक्षीदार नाही.

२००१पासून केंद्र सरकार राज्यांची तपासणी करू लागले. पहिल्या फेरीतला एक निकष असा : घरी परतलेल्या मुलांपैकी किमान ७६.२ टक्के मुले बारा महिन्यांच्या आत परतलेली असावीत. वाक्य निरागस दिसते. पण छेदस्थानी फक्त परतलेली मुले आहेत. जी परतलीच नाहीत ती हिशेबातच नाहीत. समजा, वर्षभरात ३८ मुले घरी गेली, त्यांपैकी ३० वर्षाच्या आत. ७९ टक्के, राज्य उत्तीर्ण. पुढच्या वर्षी तीच कामगिरी राखून, वर्षानुवर्षे अडकलेल्या आणखी १२ मुलांनाही घरी पोचवले, तर ५० पैकी ३०, म्हणजे ६० टक्के. राज्य नापास! कोर्टनी, नीडेल आणि वुल्झिन यांनी २००४ मध्ये नेमक्या अशा निकषांवर टीका केली. एका वर्षी दाखल झालेली सगळी मुले घ्या आणि त्यांचे पुढे काय होते ते पाहा, हा मार्ग मला सरळ वाटतो. पुढे २०१५च्या सुमारास सुरू झालेल्या तिसऱ्या फेरीत मोजणी त्याच दिशेने वळली.

तरी माझे समाधान होत नाही. नव्या निकषात आईकडे परतणे, नातेवाइकांकडे राहणे, दत्तक जाणे, सारे 'कायमस्वरूपी व्यवस्था' या एकाच खात्यात जमा होते. मूल पुन्हा देखभालीत आले का, हे बारा महिन्यांपर्यंत पाहतात. तेराव्या महिन्यात आलेले मूल यशातच धरले जाते. शिवाय पुन्हा येणे म्हणजे कोणीतरी तक्रार करणे आणि यंत्रणेने ती ऐकणे. घरात गप्प बसून सोसणारे मूलही यशातच.

स्थैर्याचे मोजमाप तर आणखी विचित्र. देखभालीतल्या दर १००० दिवसांमागे किती वेळा जागा बदलली, एवढेच मोजायचे. अनोळखी घरातून आजीकडे गेलेले मूल आणि कंटाळलेल्या पालकाने परत पाठवलेले मूल, दोघांच्या नावावर एकेक बदल. नको त्या घरात मुकाट्याने राहिलेल्याच्या नावावर शून्य.

आकडे टाकून द्या असे मी म्हणत नाही. ते नसते तर त्या बाराजणांबद्दल बोलताही आले नसते. आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्याने मुलाला कुटुंबात परत पोचवणे हे तत्त्व मानले आहे. तेव्हा परतलेल्यांची संख्या छापताना तिच्या शेजारी, त्या वर्षी आलेली एकूण किती आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा आलेली किती, हे दोन आकडे छापावेत. त्यासाठी मुलाचा जुना क्रमांक नव्या नोंदीत लिहावा लागेल. नोंदवहीत त्याला जागा होती. कोणी लिहिले नव्हते.