सई परांजपे : नभोवाणीच्या संस्कारातून घडलेली लेखिका

प्रस्तावना

सई परांजपे यांचे नाव चित्रपट-दिग्दर्शिका म्हणून सर्वपरिचित आहे. त्यांच्या कार्याचा परामर्श घेताना समीक्षकांचे लक्ष प्रामुख्याने ‘स्पर्श’ (1980), ‘चश्मे बद्दूर’ (1981) आणि ‘कथा’ (1983) या चित्रपटांवर केंद्रित होते. मात्र त्यांच्या कारकिर्दीचा प्रारंभ पुणे आकाशवाणीवर निवेदिका म्हणून झाला, याचा उल्लेख बहुधा एका वाक्यापुरता मर्यादित राहतो. हा प्रारंभ केवळ चरित्रातील तपशील नसून त्यांच्या लेखनदृष्टीचा पाया आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

जडणघडण

19 मार्च 1938 रोजी जन्मलेल्या सई या लेखिका व समाजकार्यकर्त्या शकुंतला परांजपे यांच्या कन्या आणि रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नात होत. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार होते. वयाच्या आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुणे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. तेथे निवेदिका म्हणून काम करीत असतानाच त्या मुलांच्या कार्यक्रमांकडे वळल्या. पुढे 1963 मध्ये त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिक्षण पूर्ण केले. बालरंगभूमी, प्रौढ रंगभूमी, दूरदर्शन व चित्रपट असा त्यांचा प्रवास झाला. ‘पत्तेनगरीत’, ‘शेपटीचा शाप’ ही बालनाट्ये आणि ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’ ही नाटके या प्रवासातील महत्त्वाचे टप्पे होत. 2006 मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान प्राप्त झाला.

नभोवाणीचे शिक्षण

नभोनाट्यात रंगभूषा, नेपथ्य, हावभाव यांपैकी कशाचाही आधार नसतो. पात्राचे वय, स्वभाव व मनःस्थिती केवळ आवाजातून प्रकट करावी लागते. स्थळ आणि काळ संवादातूनच सुचवावे लागतात. परंतु ते सांगितल्यासारखे वाटले की श्रुतिका कृत्रिम होते. दोन पात्रांची बोलण्याची ढब सारखी असल्यास श्रोत्याचा गोंधळ उडतो. म्हणून नभोवाणीसाठी लिहिणाऱ्यास प्रत्येक व्यक्तीची भाषा स्वतंत्रपणे ऐकावी लागते. सई परांजपे यांच्या संवादांतील नेमकेपणा या शिस्तीशी जुळणारा आहे. परंतु हा संस्कार संवादकौशल्यापुरता मर्यादित नाही. माणसाचा आवाज त्याच्याविषयी कितपत खरे सांगतो, हा प्रश्न त्यांच्या कलाकृतींतून वारंवार उभा राहतो.

आवाजाची दोन रूपे

‘स्पर्श’मधील अनिरुद्ध हा अंध विद्यालयाचा प्राचार्य आहे. कविताची आणि त्याची पहिली भेट तिच्या गाण्याच्या स्वरामुळे होते. पुढे एका घरगुती समारंभात तो तिला आवाजावरूनच ओळखतो. येथे आवाज हा व्यक्तीच्या अस्तित्वाचा विश्वसनीय पुरावा ठरतो. दृष्टी असलेला प्रेक्षक काही काळ नभोवाणीच्या श्रोत्याच्या भूमिकेत जातो आणि अनिरुद्धविषयीच्या दयेऐवजी त्याच्या स्वाभिमानाचा विचार करू लागतो. या चित्रपटाच्या पटकथेस राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

‘चश्मे बद्दूर’मध्ये याच्या नेमके उलट घडते. दोन मित्र नेहाविषयीच्या आपल्या यशाच्या कपोलकल्पित कहाण्या रंगवून सांगतात आणि पडद्यावर हिंदी चित्रपटगीतांचे विडंबन साकार होते. येथे निवेदकाचा आवाजच खोटे बोलतो. शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावर आधारित ‘कथा’मध्ये बाशू केवळ वाक्चातुर्याच्या बळावर संपूर्ण चाळ जिंकतो, तर प्रामाणिक राजारामला मनातले बोलता येत नाही. आवाजावर विसंबून राहणाऱ्या माध्यमात वाढलेल्या लेखिकेने त्या आवाजाविषयीच संशय व्यक्त करावा, ही बाब अर्थपूर्ण आहे.

मर्यादा

या दृष्टीची एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. ‘कथा’मध्ये बाशू नामानिराळा निसटतो आणि त्याच्या बोलघेवडेपणाची किंमत संध्याला मोजावी लागते. संवादांच्या प्रसन्नतेमुळे या फसवणुकीची तीव्रता बोथट होते. प्रेक्षक हसतो आणि पुढे जातो. ‘दिशा’ (1990) या चित्रपटात मात्र लेखिकेने ही मर्यादा ओलांडलेली दिसते. गावाकडून मुंबईच्या गिरण्यांकडे होणारे स्थलांतर आणि गावात राहून वर्षानुवर्षे विहीर खणणाऱ्या माणसाची जिद्द यांची मांडणी त्यात आहे. तेथे शब्दांपेक्षा श्रम अधिक बोलतात. पावसावर अवलंबून असलेल्या वऱ्हाडातील वाचकास त्या विहिरीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

समारोप

सई परांजपे यांनी ‘सय’ या आत्मपर ग्रंथात आपला कलाप्रवास स्वतः मांडला आहे. तथापि लेखिकेने आठवण नोंदविणे आणि समीक्षेने तिचे मूल्य ठरविणे या भिन्न गोष्टी होत. छापील संहितेलाच साहित्य मानण्याच्या सवयीमुळे नभोवाणीवरील लेखन, विशेषतः स्त्रिया व मुले यांच्या विभागांतील लेखन, दुय्यम समजले जाते. परिणामी ज्या कार्यात अनेक लेखिका घडल्या, तेच अभ्यासाबाहेर राहते. नागपूर आकाशवाणी केंद्र 1948 मध्ये सुरू झाले. त्याचे कार्यक्रम ऐकत वाढलेली पिढी वऱ्हाडात आजही आहे. परतवाडा-अचलपूरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांना या श्रोत्यांच्या आठवणींचे संकलन सहज करता येईल. हे संकलन लांबणीवर पडले, तर त्या आवाजांची शेवटची साक्षही उरणार नाही.