दोन माणसं, एकच बीएमआय: पुण्याचा एक पानी पेपर नीट वाचूया

पीएचडीची मुलाखत असो की सिनॉप्सिसचं सादरीकरण, आहार आणि आरोग्य हा विषय निघाला की एक चित्र बहुतेक वेळा पडद्यावर येतंच. शेजारी शेजारी दोन पुरुष. दोघांचा बीएमआय 22.3. पण एकाच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि दुसऱ्याच्या अंगात 21.2 टक्के. दोघांचं वजन 65 किलो धरून चाललं, तर एकाकडे साधारण सहा किलो चरबी आणि दुसऱ्याकडे जवळपास चौदा! त्यानंतरची स्लाइड ठरलेली असते: भारतीय माणूस बारीक दिसला तरी आतून लठ्ठ असतो, कारण ताण आणि चुकीचा आहार.

पहिल्या स्लाइडवरून दुसऱ्या स्लाइडवर जी उडी मारली जाते, ती आज आपण तपासू. मूळ पेपर मला फार आवडतो. माझी मोठी तक्रार तो वापरणाऱ्यांबद्दल आहे आणि एक छोटी तक्रार पेपरबद्दलही आहे.

पेपरमध्ये नेमकं काय आहे?

जानेवारी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे एक पान छापून आलं. लेखक दोन: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांची आडनावं इंग्रजीत ‘वाय’ने सुरू होतात, म्हणून नाव ‘वाय-वाय पॅराडॉक्स’. चित्रातले दोन पुरुष म्हणजे हेच दोघे. (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे जॉन युडकिन वेगळे, ते 1995 मध्येच वारले. संदर्भ देताना ही गल्लत सांभाळा.) चरबी मोजली ती डेक्सा स्कॅनने.

आता मजकूर वाचा. जेमतेम काही ओळींचा आहे. लेखक स्वतःच सांगून टाकतात की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. जनुकांचा वाटा किती, हे अजून ठरायचं आहे, असंही म्हणतात. याज्ञिकांचं जन्मवजन कमी होतं, त्यामुळे आईच्या पोटातल्या कुपोषणाचा संबंध असू शकतो, एवढीच शक्यता मांडतात. आणि शेवटी बीएमआय या मापाच्या मर्यादेची आठवण करून देतात.

ताण हा शब्द त्यात कुठे आहे? नाही. रोजच्या जेवणाबद्दल काही? तेही नाही. दुसऱ्या स्लाइडवरची दोन्ही कारणं पेपरमध्ये नाहीतच. ती आपण घरून आणली.

दोन माणसांत काय सिद्ध होतं?

‘सॅम्पल फक्त दोनचं, म्हणून पेपर कमकुवत’ असं कुणी म्हणेल. घाई करू नका. दावा काय आहे, त्यावर सॅम्पल किती लागतं ते ठरतं. ‘बीएमआय सारखा असेल तर चरबीही सारखीच असते’ हे विधान मोडायला दोन माणसं पुरतात. एक काळा हंस दिसला की ‘सगळे हंस पांढरे’ हे म्हणणं संपलं. त्या कामासाठी हा पेपर चोख आहे.

त्यातला एक बारकावा बरेच जण सोडून देतात. आशियाई लोकांसाठी बीएमआयची 25 ची रेषा कायम ठेवून 23 ही सार्वजनिक आरोग्याच्या पावलांसाठीची जादा रेषा धरावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने त्याच वर्षी सुचवलं आणि भारतात आता 23 चीच रेषा वापरतात. पण 22.3 हा आकडा त्या नव्या रेषेच्याही खालीच आहे. म्हणजे रेषा खाली ओढली तरी हा माणूस ‘नॉर्मल’च ठरतो. प्रश्न मापाचाच आहे. बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे दिसायला जागाच नाही.

आता माझी छोटी तक्रार. पेपरच्या शेवटच्या वाक्यात वेगवेगळ्या लोकसमूहांचा उल्लेख येतो. एक मॅरेथॉन धावणारा लंडनकर आणि एक लिफ्ट गाठणारा पुणेकर यांच्यातला फरक देशाचा की पळण्याचा? या चित्रावरून सांगता येत नाही. पुण्यातलाच एक धावपटू आणि एक बैठं काम करणारा उभा केला असता, तरी असंच काहीसं चित्र मिळालं असतं. समूहांबद्दल बोलायचं तर पुरावा दुसरीकडून आणायला हवा. तो याज्ञिकांच्या गटाकडे आधीपासून होता, पण चित्राच्या झगमगाटात विद्यार्थी तिकडे वळतच नाहीत.

खरं काम सहा गावांत झालं होतं

पनवेलहून द्रुतगती मार्गाने पुणे दोन-अडीच तासांवर. त्या पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 मध्ये एक अभ्यास सुरू झाला, ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’. त्यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट अशी: बायका गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांची मापं घेतली. मग गरोदरपण, मग बाळं, मग तीच मुलं मोठी होताना.

2003 मध्ये या गटाने आपल्या 631 नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या 338 बाळांशी केली. पुण्याकडची बाळं सरासरी 2.7 किलोंची, तिकडची 3.5 किलोंची. ‘बारीक-लठ्ठ भारतीय बाळ’ हा शब्दप्रयोग याच पेपरमुळे गाजला. आता लोक तो कसा सांगतात? ‘आपल्या बाळांत इंग्रज बाळांपेक्षा जास्त चरबी असते.’ पेपर हे म्हणत नाही! आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती. दंडाचा आणि पोटाचा घेर खूपच कमी. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून मोजलेली कातडीची जाडीसुद्धा कमीच, पण थोडीशीच कमी. स्नायू आणि पोटातले अवयव आखडले, त्या मानाने चरबी टिकून राहिली, एवढाच अर्थ. ‘जास्त’ आणि ‘त्या मानाने टिकून राहिलेली’ यातला फरक व्हायव्हात विचारला, तर उत्तर देता आलं पाहिजे.

आणि आहार? तो इथे आहेच, पण आपण समजतो त्या जागी नाही. या गावांतल्या ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खात-पीत होत्या, त्यांची बाळं आकाराने मोठी होती. शेतात आणि घरात जास्त अंगमेहनत करणाऱ्या आयांची बाळं लहान होती. दोनतृतीयांश आयांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं, की आईचं ब-12 कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलांचं शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं. हा निष्कर्ष 2008 चा.

पण इथेही थांबून विचारा: संबंध दिसला, कारण ठरलं का? नाही ठरलं, आणि हे त्या गटाला कळत होतं. म्हणून 2012 पासून त्याच मुलांना, ती किशोरवयीन झाल्यावर, ब-12 देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते पाहणारी चाचणी सुरू झाली. क्रम लक्षात ठेवा. आधी गावागावांत मोजमाप, मग पाठपुरावा, मग हस्तक्षेप. चित्र मध्येच कधीतरी आलं आणि सगळ्यांच्या लक्षात तेवढंच राहिलं.

मग ताणाचं काय?

तुमच्यापैकी काही जणांच्या मनात असा विषय असेल: ‘पनवेल ते सीएसएमटी रोज ये-जा करणाऱ्यांमधला ताण आणि पोटाचा घेर’. विषय चांगला आहे. हार्बरच्या गाडीत जाताना सव्वा-दीड तास, येताना तेवढाच, झोप कमी, स्टेशनबाहेर वडापाव, घरी आल्यावर उशिरा जेवण. इथे ताण आणि आहार एकमेकांत इतके गुंतलेत की नुसता घेर मोजून कुणाचा वाटा किती ते कळणार नाही.

ताणाने पोटावर चरबी चढू शकते, याला शरीरात आधार आहे. कुशिंग सिंड्रोममध्ये कॉर्टिसॉल फार वाढतं, तेव्हा पोट सुटतं आणि हातपाय बारीक होतात. पण तो आजार आहे. गाडी चुकल्याच्या ताणाची पातळी ती नव्हे. इंग्लंडमधल्या 54 वर्षांपुढच्या अडीच हजारांवर लोकांच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं, त्याचा निष्कर्ष 2017 मध्ये आला: ज्यांचं कॉर्टिसॉल जास्त, त्यांचं वजन आणि कमरेचा घेरही जास्त. आता हा अभ्यास उलटा वाचून बघा. लठ्ठपणामुळेच कॉर्टिसॉल वाढलं नसेल कशावरून? एकाच वेळी दोन्ही मोजलं की हा प्रश्न सुटत नाही.

त्याच्या शेजारी लंडनच्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास ठेवा. 10,308 कर्मचारी, 14 वर्षं, कामाचा ताण वेळोवेळी विचारलेला. ज्यांनी तीन किंवा अधिक वेळा ताण नोंदवला, त्यांच्यात मेटाबॉलिक सिंड्रोमची शक्यता दुपटीहून जास्त. खाणंपिणं, सिगारेट, व्यायाम हिशेबात धरूनही संबंध उरला. हा पुरावा जास्त वजनदार का? ताण आधी मोजला, परिणाम नंतर पाहिला. तरीही हे लंडनचे बाबू आहेत. त्यांची जन्मवजनं आणि त्यांच्या आयांचा आहार पुण्याकडच्या गावांसारखा नव्हता, म्हणून तो दुपटीचा आकडा तसाच उचलून पनवेलला लावू नका.

सिनॉप्सिस लिहिताना

एक, बीएमआयबरोबर कमरेचा घेर घ्याच. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंमी आणि स्त्रियांसाठी 80 सेंमी या रेषा वापरतात. टेपला खर्च नाही.

दोन, कॉर्टिसॉल मोजणार असाल तर झोपेतून उठल्याची वेळ लिहून घ्या. ते उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात वाढतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. पहाटेच्या लोकलसाठी साडेचारला उठणारा आणि आठला उठणारा, दोघांचा नमुना सकाळी नऊला घेतला, तर तुम्ही ताण नाही, गजराची वेळ मोजली.

तीन, प्रत्येकाला जन्मवजन विचारा. पुष्कळांना माहीत नसेल, पण जे सांगतील त्यांचा वेगळा हिशेब करा. हा रकाना नसेल, तर चाळीस वर्षांपूर्वी पडलेला फरक तुम्ही कालच्या वडापावच्या नावावर मांडाल.

चार, जमेल तर त्याच लोकांना वर्षाने पुन्हा मोजा. एकदाच मोजणार असाल, तर शीर्षकातून ‘परिणाम’ हा शब्द काढा आणि ‘संबंध’ लिहा.

हे सगळं कशासाठी, तर आपल्याकडे पोट सुटलं की माणसालाच दोष देतात. दोनदाच जेवा म्हणणारे आणि दर दोन तासांनी खा म्हणणारे, दोघेही सगळा भार खाणाऱ्याच्या संयमावर टाकतात. उलट अंगाने बारीक माणूस वजनकाट्यावर उभा राहतो, बीएमआय 22 येतो आणि साखर न तपासताच घरी जातो. पहिल्यावर अन्याय होतो, दुसऱ्याचं निदान राहून जातं. मात्र जन्मवजनाची गोष्ट ऐकून ‘आता काय उपयोग’ असंही समजू नका. त्याच एका पानात मॅरेथॉनचा उल्लेख आहे, तो विसरू नका.

आता एक काम करा. तो पेपर काढा आणि वहीत दोन रकाने आखा: ‘मोजलं काय’ आणि ‘म्हटलं काय’. मग तुमच्या सिनॉप्सिसमधला सगळ्यात लाडका पेपर घ्या आणि तेच रकाने पुन्हा आखा. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला, तर तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुधा तिथेच आहे.